भावे प्रयोग

पूर्णा जंक्शनच्या पलीकडं, मालधक्क्याला लागून
आमचं मैदान होतं, ते खरं तर मैदान नव्हतंच.
सोमवारी तिथं बाजार भरायचा.
मंगळवारी आम्ही आधी कांद्याची टरफलं वेचायचो,
मग खिल्लारे सर शिट्टी फुंकायचे.

सर मराठीचे. त्यांना फुटबॉल कुणी शिकवला
ते कुणालाच ठाऊक नाही.
इलियास म्हणायचा, हैदराबादेत.
पी.टी.चे सर म्हणायचे, पुस्तकातनं, अन् हसायचे.

चुन्याला पैसे नसत. शेडमागची राख
घमेल्यानं आणून सर रेषा आखायचे,
वाकून, सावकाश, फळ्यावर सुविचार लिहावा तशा.
उन्हाळ्यात काळी माती अशी फाटायची
की चेंडू भेगेत बसायचा.
"थांबा," सर म्हणायचे, "हा स्वल्पविराम."

वर्गात अन् मैदानात एकच व्याकरण.
"आरं लिंबाजी, कर्ता तूच, कर्म तूच, क्रियापद बी तूच?
दुसऱ्याला कायतरी ठिव की वाक्यात!
क्रियापद शेवटी येतंय लेका, कशाची घाई करायलास?"

मी गोलात. उंच म्हणून नाही,
पळालं की दम लागायचा म्हणून.
"तू पूर्णविराम," सर म्हणाले,
"तुझ्यामागं काही जाऊ देऊ नको."

परभणीला माझ्यामागं सात वेळा गेलं.
परतीच्या पॅसेंजरात कुणी बोलेना.
मिरखेलला गाडी क्रॉसिंगला थांबली,
सर शेंगा फोडत म्हणाले,
"अन्वरनं डावीकडनं दिलेला तो पास. पाहिलाव का कुणी?"
कुणीच पाहिला नव्हता.
मिरखेल ते पूर्णा सर त्या एका पासवर बोलले.

थकबाकी मिळाली त्या वर्षी घरावर स्लॅब पडणार होता.
घरात आले अकरा जोड बूट. पत्रे तसेच.
काकू आमच्याशी सहा महिने बोलल्या नाहीत,
मग सुदामच्या गुडघ्यात हळद भरताना बोलल्या,
त्याही शिव्याच.

सर गेले मागच्या माघात.
काकूंनी मला एक वही दिली, खाकी पुठ्ठ्याची.
मैदानाची हजेरी. एकोणतीस वर्षं.

सुदाम: गैरहजर. कापूस वेचायला. कारण मान्य.
इलियास: रोजा. तरी आला. उन्हात पळवू नये.
गणपत: आजी वारली म्हणतो. दुसऱ्यांदा. पिक्चर. कारण मान्य.

अन् माझ्या नावापुढं, बारीक अक्षरात:
वडील वारले, आज चौथा दिवस. आला.
काही विचारू नये.

मला ती संध्याकाळ आठवते.
सर चेंडू मारत होते, मी धरत होतो,
अंधार पडला, चेंडू दिसेना, नुसता आवाज,
तरी मारत होते.
मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं म्हणून शिक्षा आहे.
घरी जाऊन पहिल्यांदा रडलो, हात दुखतात म्हणून.

भावे प्रयोग मला कधी समजला नाही.
कर्ता एक असो की अनेक, कर्म कसलंही असो,
क्रियापद आपलं तसंच, जागचं हलत नाही.
सर फळ्यावर उदाहरण लिहायचे: मुलांनी खेळावे.
दहावीला तोच आला दोन मार्कांना, अन् चुकला.

आता मी रेल्वेत गेटमन.
परवा मालगाडीसाठी फाटक लावलं
अन् पलीकडनं एक चेंडू आला, टेप गुंडाळलेला, जड.
दोन्ही हातांनी छातीशी धरला,
कोपरं आत, जसं शिकवलं होतं.
पोरं ओरडायलीत, "काका, द्या की!"
मधी गाडी. डबे काही संपेनात.
"थांबा," मी म्हणालो, "स्वल्पविराम."

पोरांना काही ऐकू गेलं नसणार.